पात्रतेचे नियम अकरावीच्या प्रवेशाआधी ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अभियांत्रिकी प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की कट-ऑफ किती वर गेला, कोणत्या शाखेकडे ओढा आहे, किती जागा रिकाम्या राहिल्या, याच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रात येतात, आणि त्या यायलाच हव्यात. हे पत्र मात्र प्रवेशाच्या यादीपर्यंत पोहोचतच नाहीत अशा मुलांबद्दल आहे. बारावी पास झालेली, शिकायची मनापासून इच्छा असलेली मुलं 'पात्रता' या एका रकान्यापाशी अडकतात. पुष्कळदा त्याचं कारण एवढंच असतं की देशातल्या तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणारी केंद्राची अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद एक सांगते आणि राज्याचा नियम दुसरंच सांगतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मूल ज्या वर्षी अकरावीचे विषय निवडतं, त्या वर्षी जी पात्रता जाहीर असेल, तीच त्याला दोन वर्षांनी प्रवेशाच्या वेळी लागू व्हावी. आणि परिषदेच्या नियमांतलं राज्याने काय घेतलं, काय घेतलं नाही, हे त्याच वेळी मराठीत, एका पानात, सगळ्यांना कळावं.

मी सांगोल्यात कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. आमच्याकडे विज्ञान शाखेला येणारी बरीच मुलं आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून एसटीने येतात. घरी डाळिंबाची बाग, नाहीतर दुधाचा धंदा. अकरावीचा फॉर्म हातात पडला की पहिला प्रश्न असतो ग्रुपचा. ए ग्रुप म्हणजे गणित, बी ग्रुप म्हणजे जीवशास्त्र, आणि दोन्ही ठेवायचे तर एबी. ज्याला दहावीतच गणिताची धास्ती बसली आहे, ते मूल जीवशास्त्र ठेवतं आणि गणिताच्या जागी भूगोल घेतं. घरात विचारायला कोणी शिकलेलं असतंच असं नाही, त्यामुळे गावातला मेडिकलवाला, मागच्या वर्षी पास झालेला चुलत भाऊ आणि मोबाइलवर आलेली बातमी, एवढ्यांच्या सल्ल्यावर काम चालतं. अकरावीचे सुरुवातीचे काही आठवडे गेले की मग विषय बदलणं जवळजवळ अशक्य होतं. सोळाव्या वर्षी एका दुपारी घेतलेला निर्णय पुढे पदवीपर्यंत पोचतो, म्हणून मला या विषयाची एवढी काळजी वाटते.

आता मार्च २०२१ मध्ये काय झालं ते सांगते. परिषदेने २०२१-२२ या वर्षासाठीची मान्यता प्रक्रियेची पुस्तिका काढली. बी.ई. आणि बी.टेक.च्या प्रवेशासाठी तिच्यात बारावीच्या १४ विषयांची यादी होती. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित त्यात होतंच, पण त्यांच्या जोडीला संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, माहिती तंत्रज्ञान, जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, कृषी, इंजिनिअरिंग ग्राफिक्स, अगदी बिझनेस स्टडीज आणि उद्योजकता हे विषयही होते. यांपैकी कोणतेही तीन विषय आणि त्यांत मिळून ४५ टक्के (राखीव प्रवर्गाला ४० टक्के) असले की विद्यार्थी पात्र. वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या मुलांसाठी विद्यापीठांनी गणित, भौतिकशास्त्र, ड्रॉइंग यांचे सेतू अभ्यासक्रम घ्यावेत, असंही त्यात लिहिलं होतं. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाखांमधल्या भिंती पाडण्याची भाषा आहे, तिला धरूनच हे पाऊल होतं.

'इंजिनिअरिंगला आता गणित लागत नाही' ही बातमी एका दिवसात गावोगाव पोचली. देशभरातून टीका झाली, तेव्हा परिषदेचे त्या वेळचे अध्यक्ष डॉ. अनिल सहस्रबुद्धे, म्हणजे आपल्या पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे माजी संचालक, यांनी खुलासा केला. अभियांत्रिकीसाठी गणित महत्त्वाचं राहणारच आहे आणि ही मुभा देणं राज्यांवर किंवा संस्थांवर बंधनकारक नाही, असं त्यांनी सांगितलं. पण खुलासा कधीच बातमीइतका लांब जात नाही. आमच्या तालुक्यात तो कोणाच्या कानावर आला असेल असं मला वाटत नाही.

त्याच वर्षी अकरावीला आलेल्या एका मुलीने भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भूगोल आणि दुसऱ्या भाषेऐवजी आयटी असे विषय घेतले. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचं होतं. आयटीत ती वर्गात सर्वांत पुढे असे, इतर मुलांचे प्रोग्रॅम चुकले की शिक्षकांच्या आधी तीच दुरुस्त करून देई. गणित सोडलं तरी चालतं हे तिच्या मोठ्या भावाने मोबाइलवर वाचलं होतं आणि ती बातमी जपून ठेवली होती. २०२३ मध्ये सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा दोघं माझ्याकडे आले. मी टेबलावर एका बाजूला त्यांची बातमी ठेवली, दुसऱ्या बाजूला सीईटीची माहिती उघडली. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाची परीक्षा २०० गुणांची असते. भौतिकशास्त्राचे ५० प्रश्न, रसायनशास्त्राचे ५०, प्रत्येकी एक गुण. गणिताचेही ५० प्रश्न, पण प्रत्येकी दोन गुण. म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. पीसीबी, म्हणजे गणिताच्या जागी जीवशास्त्र असलेल्या, गटाचा निकाल औषधनिर्माणशास्त्राला चालतो, कृषीला चालतो, अभियांत्रिकीला चालत नाही. देशपातळीवरच्या जेईई मेन परीक्षेच्या बी.टेक.च्या पेपरमध्येही गणित आहेच. परिषदेने पुस्तिकेत उघडलेलं दार राज्याच्या परीक्षेत मुळात नव्हतंच.

"मग मॅडम, ही बातमी खोटी होती का?" तिने विचारलं. मी काय सांगणार? बातमी खोटी नव्हती. परिषदेने तसं म्हटलंच होतं. सीईटीची माहितीही खरीच होती. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर होते आणि त्या दोन्हींच्या मध्ये ती मुलगी अडकली होती. दोन महिन्यांत गणित शिकून पीसीएमची सीईटी देता येईल का, असंही तिने विचारलं. त्या परीक्षेत सुमारे ८० टक्के भाग बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो. बारावीच्या गणिताचा दुसरा भाग डिफरन्सिएशनने सुरू होतो, मग इंटिग्रेशन, मग डिफरन्शिअल इक्वेशन्स. ज्या मुलीने अकरावीची ट्रिग्नोमेट्रीच केलेली नाही तिला मी इंटिग्रेशन बाय पार्ट्स कुठून शिकवायला सुरुवात करणार होते? आज ती बी.एस्सी. करते आहे. चांगली शिकते आहे, त्यात काही कमीपणा नाही. पण तिला जे व्हायचं होतं ते तिला होता आलं नाही, आणि तिच्याकडून अभ्यासात काहीही कसूर झाली नव्हती.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर गैरसमज होईल. अभियांत्रिकीला बारावीचं गणित असावं, या मताची मी आहे. पहिल्या सत्राच्या एम-वनमध्ये, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरमध्ये, मॅट्रिक्स, पार्शल डिफरन्सिएशन असे विषय येतात, आणि शिकवणारे प्राध्यापक ज्याला साधा डेरिव्हेटिव्ह येतो असं मूल समोर धरूनच चालतात. पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला जे तीन आठवड्यांचं इंडक्शन, म्हणजे नव्या मुलांसाठी ओळखीचे वर्ग, असतं, तेवढ्यात दोन वर्षांचं गणित भरून काढता येणार नाही. हां, बारावी न करताही अभियंता होता येतं, हेही खरं आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेली मुलं डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जातात आणि त्यांच्यातले कितीतरी उत्तम निघतात. पण त्यांनी डिप्लोम्यात गणित केलेलं असतं, सावकाश आणि शिस्तीत. त्यामुळे राज्याने गणिताचा आग्रह धरला याबद्दल माझी तक्रार नाही. तो आग्रह त्या मुलीला २०२१ मध्ये, फॉर्म भरताना, कोणी सांगितला नाही, याबद्दल आहे.

विषयांचं झालं, तसंच टक्क्यांचंही झालेलं आहे. परिषदेची अट ४५ आणि ४० टक्क्यांची असताना २०२० पूर्वी आपल्या राज्यात खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि मागासवर्गीयांना ४५ टक्के लागत होते. पीसीएमच्या ३०० गुणांत बघायचं तर परिषदेच्या लेखी १३५ ला पात्र आणि आपल्याकडे १५० ला. आमच्या एका विद्यार्थ्याला १४६ गुण पडले होते. खुला प्रवर्ग, वडिलांची तीन एकर डाळिंबाची बाग, आणि त्या वर्षी तेल्या रोगाने बहर गेलेला. महाराष्ट्रात तो अपात्र ठरला. सोलापूरपासून विजापूर शंभरेक किलोमीटर, तिथे कर्नाटकात ४५ टक्क्यांची अट, म्हणून तिथे तो पात्र. शेवटी त्याने तिकडे एका खासगी महाविद्यालयात प्रवेश घेतला. महाराष्ट्रात कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश मिळाला असता तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी शिकवणी फी सुटली असती. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या कुटुंबांना ती मिळते, आणि त्यांचं उत्पन्न त्याच्या कितीतरी खाली होतं. परराज्यात गेल्यावर तो आधारही गेला. वडिलांनी मला विचारलं, "मॅडम, दिल्लीवाल्यांना चालतं ते मुंबईवाल्यांना का चालत नाही?" मी त्यांना कायदा समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बागेतलं एक शेततळं विकता येत नाही म्हणून जनावरं विकली.

२०२० मध्ये राज्याने ही अट परिषदेच्या बरोबरीला, म्हणजे ४५ आणि ४० वर आणली. निर्णय चांगलाच होता. पण तो प्रवेश तोंडावर आल्यावर आला. करोनाचं वर्ष होतं ते. बारावीचा निकाल १६ जुलैला लागला होता, सीईटी ऑक्टोबरमध्ये झाली. जुलैमध्ये ४६ टक्के बघून 'आपण अपात्र' असं ठरवून बसलेली मुलं ऑक्टोबरमध्ये सोलापूरच्या केंद्रावर सीईटी द्यायला गेलीच नाहीत. साथीच्या दिवसांत कोण उगाच जाईल? सवलत जाहीर झाली तेव्हा त्यांच्याकडे टक्के होते, सीईटीचा गुण नव्हता. माझ्या माहितीत अशी मुलं आहेत. सीईटीत शून्याहून अधिक गुण एवढीच अट असते, म्हणजे नुसतं केंद्रावर जाऊन चार प्रश्न सोडवले असते तरी ती पात्र ठरली असती.

या गोंधळाची मुळं राज्यघटनेत आहेत, आणि ते समजून घेतल्याशिवाय कोणाला दोष देणं बरोबर नाही. शिक्षण हा पूर्वी राज्याचा विषय होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात त्या यादीत, नोंद २५ खाली गेला. पण उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं आणि त्यात समन्वय राखणं हे संघसूचीच्या नोंद ६६ खाली केंद्राकडे आहे. परिषद १९४५ पासून होती, तिला कायद्याचा आधार १९८७ च्या अधिनियमाने मिळाला. मग राज्याचा नियम आणि परिषदेचा नियम यांत फरक पडला तर कोणाचं चालणार? १९९५ च्या अधियमान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूला सांगितलं की केंद्रीय कायद्याशी विसंगत असलेला राज्याचा कायदा टिकणार नाही. जागा रिकाम्या असताना राज्याच्या वरच्या अटीवर बोट ठेवून परिषदेच्या दृष्टीने पात्र असलेल्या मुलाला नाकारू नये, असाही त्या निकालाचा रोख होता. पुढे १९९९ मध्ये डॉ. प्रीती श्रीवास्तव प्रकरणात घटनापीठाने म्हटलं की राज्याला दर्जा वाढवणारी अट घालता येते, खाली आणणारी घालता येत नाही. ते प्रकरण वैद्यकीयचं होतं. अभियांत्रिकीबाबत २००४ च्या ब्रतीप प्रकरणात आणि २०११ मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या प्रकरणात हेच तत्त्व लावलं गेलं. त्या दुसऱ्या निकालात तर जागा रिकाम्या आहेत म्हणून विद्यापीठाने आपली ४५ टक्क्यांची अट सोडावी हे म्हणणंही न्यायालयाने मान्य केलं नाही.

तेव्हा आज कायदा असा आहे: परिषद किमान पायरी ठरवणार आणि राज्याला तिच्या वर पायरी बांधता येणार. मला यात गैर काही दिसत नाही. तामिळनाडूला बारावीच्या गुणांवर प्रवेश द्यायचे आहेत, कर्नाटकाला सीईटी आणि बारावी यांचा मेळ घालायचा आहे, आपल्याला सीईटीवर द्यायचे आहेत. ज्याची त्याची परिस्थिती वेगळी. आपणही २०१४ आणि २०१५ ला जेईई मेन आणि बारावीचे गुण असा मेळ घातला होता आणि २०१६ ला पुन्हा सीईटीवर आलो. (त्या दोन वर्षांच्या मुलांची काय धावपळ झाली हे आमच्या पिढीचे सगळे शिक्षक सांगतील.) सगळ्या देशाला एकच नियम लावा, अशी मागणी मी करणार नाही. पायरी वर बांधायचा राज्याचा अधिकार न्यायालयांनी मान्य केला, पण ती कधी सांगायची याचं बंधन कोणीच घातलं नाही. २०१२ मध्ये ठाण्याच्या पार्श्वनाथ चॅरिटेबल ट्रस्टच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तंत्रशिक्षण संस्थांच्या मान्यतेचं, संलग्नतेचं, प्रवेशफेऱ्यांचं वेळापत्रक तारखांसह बांधून दिलं. संस्थांना तारखा मिळाल्या. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला पात्रता कोणत्या तारखेपर्यंत कळावी, हे त्यात नाही.

आता हे करणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. परिषदेने आपली पुस्तिका दरवर्षी काढण्याऐवजी २०२४ ते २०२७ अशी तीन वर्षांसाठी काढली. म्हणजे केंद्राकडून दरवर्षी पात्रता बदलेल ही सबब राज्यापुरती तरी कमी झाली. पुस्तिका आल्यावर महिन्याभरात उच्च व तंत्रशिक्षण विभागाने सांगावं: विषयांच्या यादीतले हे आम्ही मान्य केले, हे केले नाहीत, टक्क्यांची अट ही राहील. गणिताशिवाय प्रवेश देणार नसाल तर तसं ठळक लिहा. देणार असाल तर त्या मुलांनी कोणती परीक्षा द्यायची तेही लिहा, कारण परीक्षा नसलेली पात्रता कागदावरच राहते. एखादी अट सैल करायची असेल तर ती खुशाल त्याच वर्षीपासून लागू करा, पण सीईटीच्या नोंदणीची मुदत संपण्याआधी. अट कडक करायची असेल तर जी मुलं नुकतीच अकरावीला बसली आहेत त्यांच्यापासून, अकरावी-बारावी पार केलेल्यांपासून नव्हे.

दुसरं, २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन होऊ लागले आहेत. आमच्यासारख्या तालुक्यांतलं मूलही आता त्याच संकेतस्थळावर फॉर्म भरतं. मग विज्ञान शाखा निवडल्यावर त्याच पडद्यावर दोन ओळी दिसायला काय अडचण आहे? 'गणित न घेतल्यास या अभ्यासक्रमांना प्रवेश मिळणार नाही. जीवशास्त्र न घेतल्यास या अभ्यासक्रमांना मिळणार नाही.' आणि खाली पालकांची 'वाचलं' अशी खूण. शिक्षण विभाग आणि तंत्रशिक्षण विभाग वेगळे आहेत हे मला माहीत आहे. पण मूल एकच आहे, आणि ते दोन्ही विभागांच्या हातून जातं.

आपल्या वर्तमानपत्राकडेही एक विनंती आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशी गुणवंतांच्या फोटोंशेजारी एक चौकट छापा: अभियांत्रिकी, औषधनिर्माण, कृषी, वास्तुशास्त्र यांना राज्यात आज कोणते विषय आणि किती टक्के लागतात, आणि परिषदेच्या अटीपेक्षा त्या कुठे वेगळ्या आहेत. तो अंक आमच्याकडे वाड्यावस्त्यांवरही विकत घेतला जातो, कारण कोणाच्या तरी मुलाचं नाव त्यात असतं. चौकटीचा मजकूर राज्याच्या माहितीपुस्तिकेशी ताडून द्यायला मी आणि माझे भौतिकशास्त्राचे सहकारी तयार आहोत.

कळावे,
आपली विश्वासू,
एक गणित शिक्षिका
सांगोला, जि. सोलापूर